कट वेगळा, डबा आपला

वसुंधरेवर प्रेम करायला कोल्हापूरकराची कधीच ना नसते. अडचण झाकणापाशी सुरू होते.

चौघांची मिसळ पार्सल आणायची तर हिशेब असा: कट एका पिशवीत, जादा कट दुसरीत, मटकी तिसरीत, फरसाण चौथीत, कांदा-लिंबू पाचवीत आणि या पाचही जणींना पोटात घेणारी एक थोरली कॅरीबॅग. ब्रेडचा कागद यात धरलेला नाही. या पिशव्यांचं आयुष्य दुकानापासून घरापर्यंत. त्यानंतर तर्री लागलेली पिशवी कुणी धूत नाही आणि भंगारवालाही तिला हात लावत नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे, पहिल्या वेळेचा दंड पाच हजार रुपये. १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगला ३१ डिसेंबर २०२२ पासून देशभर मनाई आहे. पण वाफाळता कट ओतून, पीळ देऊन रबर लावणारा हात मायक्रॉन मोजत बसत नाही, आणि रांगेत उभ्या माणसाला तर पुढचं काही दिसतच नसतं.

उपाय एका ओळीचा: घरून डबा न्यावा. या एका ओळीमागची तयारी मात्र लग्नाच्या यादीएवढी.

पहिला प्रश्न, कुठला डबा. चार खणांचा जेवणाचा डबा बघायला आदर्श वाटतो. खाली कट, वर मटकी, त्यावर कांदा, सगळ्यांत वर फरसाण. पण त्यात एका खणाचं झाकण म्हणजे वरच्या खणाचा बूड असतो, मध्ये रबर नसतं. पहिल्या गतिरोधकाला कट मटकीच्या भेटीला जातो आणि वाफ फरसाणाला गाठते. फरसाणाला गरम लागलेलं चालतं, ओल चालत नाही. म्हणून कटाला स्वतंत्र, आत रबराची रिंग आणि बाहेर कड्या असलेला स्टीलचा डबा हवा. चौघांना जादा कटासकट एक लिटर लागतो, तेव्हा डबा दीड लिटरचा घ्यावा. फरसाण वेगळ्या कोरड्या डब्यात. मटकी आणि कांदा मग खुशाल त्या खणांच्या डब्यात राहू देत. ब्रेडला स्वच्छ पंचा.

दुसरा प्रश्न, डबा घराबाहेर न्यायची परवानगी. प्रत्येक घरात एक डबा असा असतो की तो गेला तर माणसापेक्षा त्याची जास्त चौकशी होते. त्यावर नाव, साल आणि ‘यांजकडून सप्रेम’ कोरलेलं असतं. माझ्या मते बाहेर न्यायला हाच उत्तम, कारण नावाचा डबा हॉटेलातनं अदलाबदल होऊन येत नाही. भांड्यांच्या दुकानात अजूनही नाव घालून मिळतं. तिथं गेलाच आहात तर नावाखाली डब्याचं झाकणासकट रिकामं वजनही ग्रॅममध्ये घालून घ्या. दुकानदार चमकून बघेल, बघू दे. त्या आकड्याचं महत्त्व मटणाच्या दुकानात कळतं.

आता गल्ला. इथला संवाद ठरलेला.

“मालक, डब्यात द्या.”

“कशाला वो डबा आणलासा? पिशवी हाय की.”

या वेळी पर्यावरणावर बोलू नये. मागं रांग असते. “पिशवी फुटती ओ” एवढंच म्हणावं. कोल्हापुरात कट सांडण्याची भीती सगळ्यांना समजते. रविवारी सकाळी तर पिशव्या आधीच भरून ठेवलेल्या असतात. उशिरा बोललात तर भरलेली पिशवी कात्रीनं कापून तुमच्या डब्यात ओततात आणि तुम्ही कृतार्थ होऊन घरी येता. म्हणून पैसे देतानाच डबे उघडून पुढं करायचे, झाकणं आपल्या हातात ठेवायची.

माप ओगराळ्याचं. डबा मोठा दिसला की ओगराळं सढळ होतं, हा शाश्वत जीवनशैलीचा कुणी न सांगितलेला फायदा. पण तीन चतुर्थांश भरला की “बास” म्हणायचं. हे कोल्हापुरात अवघड जातं, कारण समोरचा “असू दे की” म्हणत काठोकाठ भरतो आणि नको म्हणणं आपल्या रक्तात नाही. तरी म्हणायचं. उकळता कट ओतून लगेच झाकण आवळलं तर आतली हवा तापून फुगते, वाफ भर घालते आणि रिंगेच्या सगळ्यांत अशक्त जागेतनं वाट काढते. त्या वाटेनं पहिलं बाहेर पडतं ते तेल, कारण वर तरंगत तेच असतं. म्हणजे गळती पाण्याची नसते, थेट तर्रीची असते. दोन मिनिटं झाकण नुसतं टेकवून ठेवा, मग कड्या लावा. डबा दुचाकीच्या हुकाला लटकवू नका, झोका घेतो. पाय ठेवायच्या जागी पिशवीत उभा ठेवून बाजूला कांदे-बटाटे दाबून बसवा. राजारामपुरीहून शिवाजी पेठेत येईपर्यंत तो हलला नाही पाहिजे.

एवढं करूनही पिशवीवर डाग पडतोच. तर्रीचा लाल रंग मिरचीतला, आणि तो तेलात विरघळतो, पाण्यात नाही. घरी आल्या आल्या पिशवी नळाखाली धरणं हा आपला स्वभाव. त्यानं डाग नुसता मोठा होतो. कोरड्या डागावर मैदा किंवा बेसन दाबून पंधरा मिनिटं ठेवा, तेल ओढून घेतो. तो झटकून भांडी घासायचं लिक्विड कोरड्यावरच चोळा, मग कोमट पाणी. उरलेली लाली उन्हात वाळवताना उडते, या रंगाला ऊन सोसत नाही. डाग जायच्या आत इस्त्री फिरवली तर मात्र ती पिशवी कायमची मिसळीची.

घरी दुसरं संकट वाट बघत असतं: झाकण निघत नाही. डबा गार होताना आतल्या वाफेचं पाणी होतं, आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते. मग घरातला एकेक पुरुष येऊन आपली ताकद आजमावतो. ताकदीचं इथं काम नाही. कड्या सोडा, चमच्याचा दांडा रिंगेच्या कडेला एकाच जागी सरकवा, सुस्स आवाज आला की झाकण आपोआप सुटतं. पुरुषमंडळींना हे आवडत नाही.

पांढऱ्या रस्स्याची तऱ्हा निराळी. तो तांबड्यासारखा डाग पाडत नाही, पण त्यात नारळाचं दूध असतं. घरी आणून मोठ्या आचेवर खळाखळा उकळला की फुटतो आणि पाणी वेगळं, साय वेगळी. मंद आचेवर, ढवळत, नुसता गरम करायचा. आणि ताटात हवा तेवढा मिळणारा रस्सा पार्सलमध्ये बहुतेक ठिकाणी मोजून मिळतो, तेव्हा दोन्ही रश्श्यांसाठी दोन डबे न्यावेत. एकाच डब्यात दोन्ही मागणाऱ्याकडं मालक ज्या नजरेनं बघतात ती न पाहिलेली बरी.

मटणाला डबा न्यायचा तर भांडण वजनाचं. इलेक्ट्रॉनिक काट्यावर रिकामा डबा ठेवून आकडा शून्य करता येतो, पण गर्दीत ते बटण दाबायला विसरणं सोपं. मग पाचशे ग्रॅमचा डबा मटणाच्या भावानं घरी येतो. इथं कोरलेलं वजन कामी येतं: बोट ठेवायचं, बोलायचं नाही. तराजू असेल तर दुसऱ्या पारड्यात पासंग घालायला सांगा. कच्च्या मटणाचा डबा रस्स्याला वापरायचा नाही, रिंगही अदलाबदल करायची नाही. धुताना रिंग दर वेळी काढून सुकवायची, नाहीतर खाली काळी बुरशी धरते. डबा ठेवताना झाकण उघडं. रिंग सैल झाली की नवी आणायला झाकण सोबत न्यायचं. अंदाजानं आणलेली रिंग आजवर कुणालाही बसलेली नाही.

कापडी पिशव्यांचं थोडक्यात. बाजारात ‘कापडी’ म्हणून मिळणारी ठिपक्याठिपक्यांची पिशवी पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकच असते. कडेचा धागा ओढून काडी लावा. वितळून मणी झाला तर प्लास्टिक, राख होऊन कागदासारखा वास आला तर सुती. आणि सुती म्हणून नव्या घेत सुटू नका. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या २०११ च्या अहवालात, एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीची बरोबरी करायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते, असा तापमानवाढीपुरता हिशेब आहे. लग्नामुंजीत मिळालेल्या पिशव्यांची चळत कपाटात आणि आपण कपिलतीर्थ मंडईत रिकाम्या हातानं, ही त्या १३१ ची खरी अडचण. जुन्या साडीची शिवा आणि गाडीच्या डिकीत टाका, कपाटात नको. भाजीवाल्या मावशी सगळी भाजी एकाच पिशवीत ओततात, तेव्हा कांदे-बटाटे आधी मागायचे, टोमॅटो शेवटी. मिरची आणि गवार एका दिवशी घेऊ नये.

गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध घ्यायला किटली घेऊन उभ्या माणसांना हे सगळं सांगायला जाऊ नका. त्यांनी किटली सोडलेलीच नाही. दूध उकळून घ्या, एवढं सांगितलं तरी चालेल.

राहिला शेजार. चांगला कडीचा डबा घरी स्थिरावला की तो शेजारी जातो, त्यातनं काहीतरी जातं म्हणून. रिकामा डबा परत द्यायची आपल्यात पद्धत नाही, त्यामुळे समोरच्या काकू काहीतरी करेपर्यंत तो तिथंच राहतो. मग त्या सोलापूरला मुलीकडं जातात. रविवार उजाडतो. म्हणून शेजारी पाठवायचा डबा नेहमी बिनरिंगेचा असावा, आणि त्यावर नाव त्यांचंच असेल तर उत्तम.