कोपऱ्याचा तुकडा

गेल्या रविवारी इटलीतल्या बोलोन्या शहरातील आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या तयार पदार्थांच्या दुकानात, लझान्याच्या, म्हणजे पास्त्याच्या पात्यांचे थर लावून भाजलेल्या पदार्थाच्या, ट्रेमधला शेवटचा कोपऱ्याचा तुकडा माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या भांड्यात गेला, आणि तोही नंबर माझा असताना. कोपऱ्याच्या तुकड्याला दोन बाजूंनी कुरकुरीत कड असते. लहानपणी पातेल्याच्या बुडाच्या खरवडीसाठी भावंडांशी भांडलेल्यांना या नुकसानीचे मोल वेगळे सांगायला नको.

चूक माझ्या जिभेची होती. काउंटरवरच्या बाईंनी "नेहमीचाच ना?" असे विचारले तेव्हा नुसते "हो" म्हणायचे सोडून मी त्यांना सांगत बसले की, कार्निव्हलच्या मंगळवारी नेपल्सला एका मैत्रिणीकडे रिकोटा हे मऊ ताजे चीज घातलेला लझान्या खाल्ला आणि खरे सांगायचे तर तो मला अधिक आवडला.

माझ्या मागचे गृहस्थ खाकरले. वय सत्तरीच्या पुढे, डोक्यावर लोकरी टोपी, आणि काखेत फडक्यात गुंडाळलेले, निळ्या काठाचे टवके उडालेले भांडे. दुकानातला लझान्या ते घरच्या भांड्यात लावून घेतात, म्हणजे जेवायला येणाऱ्या सुनेला तो सासऱ्यांनी पहाटे उठून केला असे वाटते, हे त्या बाईंनीच मला पूर्वी कानात सांगितले होते.

"रिकोटा?" ते म्हणाले. "आणि आणखी काय घालतात म्हणे ते लोक?"

मी मोजून दाखवले: सुपारीएवढे खिम्याचे गोळे, मोझरेला, सलामीचे तुकडे, उकडलेल्या अंड्याच्या चकत्या आणि तासन्‌तास रटरटलेला टोमॅटोचा रस्सा. अंड्यापाशी आल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले.

"बेशामेल?"

"नसते."

"मग हे सगळे एकमेकांना धरून राहते कशाने?"

लोणी, मैदा आणि दुधाचे ते मिश्रण जमले तर सायीसारखे लागते, हे मला मान्य आहे. पण पुष्कळदा ते भिंतीवर जाहिराती चिकटवण्याच्या खळीकडे झुकते, आणि हे मी तिथे बोलून गेले. खळीला इटालियनमध्ये काय म्हणतात हे मला ठाऊक असणे, हे त्या दिवसाचे दुर्दैव.

त्यानंतर प्रवचन झाले. पालक घालून मळलेली, लाकडी लाटण्याने लाटलेली हिरवी पाती, त्यांवर रागू म्हणजे खिम्याचा दाट रस्सा, बेशामेल आणि पार्मेजानो चीज, बाकी काहीही नाही. आणि ही कृती २००३ साली बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर दाखल झालेली आहे, हे त्यांनी सातबाऱ्याचा उतारा नाचवावा तशा आवाजात सांगितले. नेपल्सच्या आंजू घराण्याच्या राजदरबाराशी जोडल्या जाणाऱ्या चौदाव्या शतकातील एका लॅटिन पाकपुस्तकात लझान्याची कृती आहे, असे मी म्हणाले. त्यात उकडलेली पाती, किसलेले चीज आणि मसाल्याची पूड यांचे थर आहेत. अमेरिकेतून टोमॅटो यायलाच अजून दोनेकशे वर्षे होती. "रागूच नाही? मग बिचारे उपाशीच उठत असतील," एवढेच त्यांनी त्यावर म्हटले.

इथवर मला गंमत वाटत होती. पण पुढे ते म्हणाले, "तुझ्या देशात घरोघरी भट्टी असते का ग?" आरंभी अहो-जाहो करणारा माणूस नेपल्सची बाजू घेताच एकेरीवर आला. सहा वर्षे मी या शहरात कर भरते, कचरा पाच डब्यांत वेगळा करते, आणि तरीही माझे मत म्हणजे पाहुणीचा बालहट्ट! आमच्याकडे ओव्हन नव्हता, हे खरेच आहे. दिवाळीआधी आई नानकटाईचे ट्रे बेकरीच्या भट्टीवर न्यायची, आणि त्या रांगेतही तिला तुपाचे प्रमाण शिकवणारा कोणीतरी भेटायचाच. पण तो निदान तिला "वहिनी" म्हणायचा.

मी उत्तराची जुळवाजुळव करत असताना बाईंनी कंटाळून "पुढचे कोण?" असे विचारले आणि गृहस्थांनी चपळाईने भांडे पुढे केले: "चौघांसाठी. कोपऱ्याकडून."

मला मधला तुकडा मिळाला, तीनशे ग्रॅमचा, चारही बाजूंनी मऊ. "हा खा, नेपल्स विसरशील," असे दारातून म्हणत ते सुनेसाठी स्वयंपाक करायला निघून गेले.

घरी येऊन मी तो आईने दिलेल्या लोखंडी तव्यावर तूप सोडून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजला. खिडकी मात्र आधी लावून घेतली.