साठ तासांचं काय करायचं?

नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमात कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्ट, म्हणजे लोकांमध्ये जाऊन काम करायचं आणि त्याचे क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक) मिळवायचे, असा प्रकल्प आला आणि तिकडे दोन तट पडले. एकाचं म्हणणं, सेवेला क्रेडिट चिकटवलं की ती सेवा राहत नाही. दुसऱ्याचं, सक्ती केल्याशिवाय पोरं वर्गाबाहेर पाय ठेवत नाहीत. अमेरिकेतून हा वाद वाचताना खटकतं ते एवढंच, की क्रेडिट नेमकं कशाचं द्यायचं यावर कोणीच भांडत नाही. माझ्या मते ते विषय वापरता आल्याचं द्यावं. गावात किती वेळ उभं राहिलात, याचं नव्हे.

इथला ‘व्हिटा’ हा कार्यक्रम बघा. कमी उत्पन्नाच्या लोकांची करविवरणपत्रं फुकट भरून देणारा, १९६९ साली सुरू झालेला. आपली राष्ट्रीय सेवा योजनाही त्याच वर्षीची. अनेक कॉलेजांत अकाउंटिंगची मुलं तो कोर्सचा भाग म्हणून करतात. मात्र आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याच्या, परीक्षेत ८० टक्के मिळाल्याशिवाय विवरणपत्राला हात लावता येत नाही. माणूस आला की आधी ठरलेला फॉर्म भरून मुलाखत, मग आकडेमोड, मग दुसऱ्या प्रमाणित स्वयंसेवकाकडून त्या माणसासमोरच तपासणी, शेवटी सही. धंद्यात घसारा (यंत्रं-वस्तूंच्या किमतीतली दरवर्षीची घट) दाखवायचा असेल, तर ते काम घेतच नाहीत. आपल्याला काय येत नाही हे मुलांना पहिल्याच आठवड्यात कळतं, आणि करदात्याचंही नुकसान होत नाही. हंगाम जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत, म्हणजे स्प्रिंग सेमिस्टरमध्ये चपखल बसणारा.

इथे सगळंच सोनं आहे असं नाही. शनिवारी भिंत रंगवून तासांच्या कागदावर सही घेणारी कॉलेजं इथेही भरपूर. सेमिस्टर संपलं की मुलं गायब, संस्था पुन्हा नव्या तुकडीला पहिल्यापासून शिकवत बसते. पर्ड्यू विद्यापीठाच्या ‘एपिक्स’ या, स्थानिक संस्थांसाठी प्रकल्प करणाऱ्या कार्यक्रमाने १९९५पासून यावर साधा तोडगा ठेवला आहे: एकाच गटात पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंतची मुलं, आणि प्रकल्प अनेक सेमिस्टर चालू. जुनी मुलं जातात, काम माहीत असलेली मागे उरतात.

आता घरचं बघू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) हिशोबाने अशा कामात एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे दोन क्रेडिटच्या प्रोजेक्टला ६०. बीकॉमच्या मुलांना गावाचं सर्वेक्षण देण्यापेक्षा बचत गटाची हिशोबाची दप्तरं द्या. त्याच त्या गावात त्याच प्रश्नावलीला उत्तरं देऊन लोक कंटाळलेत, आणि निष्कर्ष गावाकडे परत येतातच असं नाही. गटाच्या दप्तरात मात्र खरं काम असतं. सभासदाने भरलेला हप्ता मुद्दल आणि व्याज वेगळं न करता एकाच रकान्यात चढवलेला असतो. रोजकीर्दीतली (रोजच्या जमाखर्चाच्या वहीतली) शिल्लक आणि पेटीतली रोकड जुळत नाही. बायकांची पासबुकं तीन-तीन महिने कोरी. बँकेकडे कर्ज मागायला गेल्यावर हेच नडतं.

साठांतले पहिले बारा तास वर्गात, नमुना दप्तरावर. चाचणीत नापास झालेल्याने गटात जायचं नाही. छत्तीस तास प्रत्यक्ष काम, दोघादोघांच्या जोडीने: एकाने जुळवणी करायची, दुसऱ्याने तपासायची. मूळ वहीत खाडाखोड बिलकुल नको. फरक वेगळ्या कागदावर मांडायचा आणि दुरुस्ती गटाच्या सचिव ताई करतील, ‘उमेद’ या सरकारी ग्रामीण उपजीविका अभियानाच्या सीआरपी ताईंना (गटांना मदत करणाऱ्या गावातल्या कार्यकर्तीला) विचारून. उरलेले बारा तास लेखी हिशोब देण्यात आणि पुढच्या तुकडीकडे काम सोपवण्यात. कोणाचं कर्ज थकलंय हे चहाच्या टपरीवर बोललं, तर क्रेडिट रद्द. गुणांचा काही वाटा गटाच्या हातात ठेवा.

अडचण येईल ती मार्चअखेरची. गटाला मदत हवी असते तेव्हाच मुलांच्या परीक्षा असतात. म्हणून जुळवणी सप्टेंबरअखेरच्या सहामाहीवर धरा. आणि मार्गदर्शक प्राध्यापकांच्या कार्यभारात हे तास मोजा. साठ मुलांची तुकडी एकाच मॅडमच्या गळ्यात मारली, तर दप्तर कोणी उघडणार नाही. बॅनर धरून काढलेला फोटो तेवढा अहवालात लागेल.