हायब्रिड गाडी घेताय? मॅट्स मात्र फुकट मिळवाच!

ठाण्यातल्या जांभळी नाक्यावर कोथिंबिरीच्या जुडीमागे पाच रुपये सोडायला लावणारे तुम्ही. हा बाणा घोडबंदर रोडवरच्या शोरूमच्या पायपुसण्यावरच ठेवा आणि मग आत जा. आत एसी आहे, कॉफी आहे, टाय लावलेला मुलगा दर वाक्याला 'सर' म्हणतोय. अशा ठिकाणी पैशांचा विषय काढणं बरं दिसत नाही.

जाताना सगळं घर सोबत न्या. मुलं सनरूफमधून डोकं बाहेर काढतील, आई स्टिअरिंगला नमस्कार करेल, आणि कुणीतरी 'घ्यायची तर हीच, पांढरी' असं मोठ्याने म्हणेल. हे सगळं सेल्सवाल्याच्या कानावर नीट पडलं की भावाचं बोलणं सुरू करा. दसऱ्याला गाडी दारात हवी हेही आधीच सांगून टाका. मुहूर्त गाठायचा आहे हे कळलेला माणूस तुम्हाला सूट का देत बसेल, हा विचार सणासुदीला करू नये.

आता हायब्रिडबद्दल. पेट्रोल इंजिनासोबत बॅटरीवरची मोटरही असलेली ही गाडी. ही अर्धी इलेक्ट्रिक, म्हणून अर्धी सवलत तरी पदरात पडेलच, हा समज घट्ट धरून ठेवा. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे. चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे. त्याआधी सेससकट ४३ होता. म्हणजे तीन टक्के कमी झालेच की! महाराष्ट्राच्या २०२५च्या धोरणात इलेक्ट्रिक गाडीला रोड टॅक्स माफ आणि अटल सेतूवर टोलही माफ. तुमच्या हायब्रिडला मात्र पेट्रोल गाडीचाच टॅक्स, वीस लाखांच्या वर १३ टक्के. पंचवीस लाखांच्या गाडीवर हे सव्वातीन लाख होतात. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग (थोडं अंतर नुसत्या बॅटरीवर धावणाऱ्या) आणि प्लग-इन (बाहेरून चार्ज करायच्या) हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला होता, पण त्यासाठी वर्तकनगर सोडून लखनौला बिऱ्हाड हलवायला कोण सांगणार? सेल्सवाला 'सर, ग्रीन टेक्नॉलॉजी आहे, बेनिफिट्स आहेत' म्हणाला की मान डोलवा. कुठले, ते विचारू नका. तो गोंधळेल, आणि पोराला का उगाच त्रास?

प्लग-इनच हवी असा हट्ट असेल तर तुमचा प्रश्न वेगळ्या पातळीवरचा आहे. आपल्याकडे ही जात बहुतेक रेंज रोव्हर, बीएमडब्ल्यू एक्सएम अशा कोटीच्या पलीकडच्या गाड्यांत भेटते. तिथे कोटेशनपेक्षा पार्किंगमधल्या सॉकेटसाठी सोसायटीच्या सभेत ठराव मंजूर करून घेणं अवघड. तेव्हा आपण वीस-तीस लाखांतच राहू.

कोटेशन हातात आलं की फक्त शेवटची ओळ वाचा: ऑन-रोड, म्हणजे सगळे कर-खर्च धरून होणारी किंमत. मधल्या ओळी वाचणाऱ्याला शोरूममध्ये चिंधीचोर समजतात. त्या ओळींत एक विमा असतो. विमा कुठल्याही कंपनीकडून घेता येतो, डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. पण बाहेरून कोट मागवायला दहा मिनिटं जातात आणि तेवढ्यात कॉफी निवते. 'एसेन्शियल किट' नावाची एक ओळ असते. त्यात काय आहे हे विचारलंत तर त्यात आवश्यक काहीच नाही हे कळेल, मग आनंद मावळेल. 'हँडलिंग चार्जेस' तर बिनबोभाट द्या. गाडी त्यांनी हाताळली नाही तर कुणी हाताळायची? एक टक्का टीसीएस, म्हणजे गाडी विकतानाच तुमच्याकडून वसूल केलेला आयकर, दिसेल; पंचवीस लाखांवर पंचवीस हजार. हा पैसा इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये जमेला धरता येतो, हे मात्र तुमच्या सीएला अजिबात सांगू नका. सरकारलाही कधीतरी काही द्यावं.

जुनी गाडी एक्स्चेंजला देताना बोनसच्या आकड्याकडे बघा, गाडीच्या किमतीकडे नको. तुमच्या जुन्या वॅगनआरची किंमत चाळीस हजारांनी कमी लावून वर पन्नास हजारांचा बोनस दिला, तर तुम्ही पन्नास हजार जिंकलात. वजाबाकी करणं हा शोरूमच्या आदरातिथ्याचा अपमान आहे.

कर्ज त्यांच्याच टेबलावर घ्या. वीस लाखांचं कर्ज, सात वर्षं, नऊऐवजी साडेनऊ टक्क्यांनी. दरमहा जेमतेम पाचशे रुपयांचा फरक, त्यासाठी कोण बँकेत रांग लावतो! सात वर्षांत हे त्रेचाळीस हजारांच्या आसपास जातात, पण तोवर तुम्ही पुढची गाडी बघत असाल.

आणि मग, सगळी सही-शिक्का होत आल्यावर, खरी लढाई सुरू करा. फ्लोअर मॅट्स. खुर्चीत पुढे सरका, आवाज चढवा, 'मॅट्स फुकट नाही दिल्यात तर आत्ता उठतो' म्हणा. तो 'मॅनेजरना विचारून येतो' म्हणत आत जाईल. आत मॅनेजर असेल किंवा चहाचं मशीन. दहा मिनिटांनी तो थोडा दमलेला चेहरा करून येईल आणि मॅट्ससोबत एक परफ्यूमही देईल. या क्षणाचा फोटो काढा.

वाशीला जाऊन त्याच कंपनीच्या दुसऱ्या डीलरकडून भाव घ्यायचा उपद्व्याप मात्र करू नका. पत्ता ठाण्याचा असेल तर तिथून घेतलेल्या गाडीलाही ठाण्याचाच एमएच-०४ नंबर मिळू शकतो, हे खरं. दोन लेखी कोटेशन समोरासमोर ठेवली की दोन्ही डीलरना अचानक आणखी एखादी स्कीम आठवते, हेही खरं. पण ऐरोलीचा पूल ओलांडायचा म्हणजे ट्रॅफिक केवढा! तसंच महिनाअखेरीस जाऊ नका. त्या दिवसांत टार्गेट पुरं करायचं असल्याने मॅनेजर स्वतःहून बाहेर येतो आणि मॅट्सच्या लढाईतली सगळी मजा जाते.

डिसेंबरात भरपूर सूट मिळाली तर खूश व्हा आणि चॅसिस नंबरवरून गाडी कुठल्या महिन्यात बनली हे चुकूनही तपासू नका. यार्डात पावसाळा काढलेली गाडी म्हणजे मुरलेली गाडी. डिलिव्हरीआधीची तपासणीही टाळा. हार घालून, बॉनेटवर रेशमी कापड टाकून गाडी उभी असताना खाली वाकून टायर बघणारा माणूस फोटोत वाईट दिसतो.

घरी आल्यावर सोसायटीत 'किती सुटले?' असं विचारतीलच. मॅट्स, परफ्यूम, किल्लीचं कव्हर आणि पहिल्या मोफत सर्व्हिसची मजुरी धरून आकडा सांगा, वर पंधरा हजार घाला. शेजारी दुसऱ्या दिवशी त्याच शोरूममध्ये जातील. तेव्हा आपलं रेफरल कूपन मागून घ्यायला विसरू नका. ते ऑइलवर चालत नाही, फक्त वॉशिंगवर चालतं, आणि तेही रविवार सोडून.