आधी शूटिंग, मग यंत्रमानव

'द क्रिएटर' दिसायला इतका देखणा का आहे आणि संपल्यावर हाती काहीच का लागत नाही, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर माझ्या मते एकच आहे. ज्या पद्धतीने तो बनवला गेला तिनेच त्याला रूप दिलं, आणि तिनेच त्याचा आशय खाल्ला. मुंबईत व्हीएफएक्सचं (संगणकावर दृश्यं रचण्याचं) काम करणाऱ्यांनी, शॉर्टफिल्म करणाऱ्यांनी आणि "आपल्याकडे तेवढा पैसा असता तर..." म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा सिनेमा सुटा करून बघायला हवा, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. पुढे शेवटही उघड होणार आहे. पाहायचा राहिला असेल तर आधी बघून घ्या.

अमेरिका आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रं यांच्यातल्या युद्धावरचा गॅरेथ एडवर्ड्सचा हा सिनेमा 29 सप्टेंबर 2023 ला आला. बजेट 8 कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने साधारण 660 कोटी रुपये. आकडा मोठा वाटतो, पण पडद्यावर जे दिसतं त्या मापाच्या हॉलिवूडपटाला याच्या दुप्पट-तिप्पट पैसे सहज लागतात. जगभरातून तिकीटबारीवर आले सुमारे 10 कोटी 40 लाख डॉलर. त्यातला जवळजवळ निम्मा वाटा थिएटरवाल्यांकडे जातो आणि जाहिरातीचा खर्च वेगळा असतो, त्यामुळे हिशोब तोट्याचाच.

बचत कुठून झाली? नेहमीची रीत अशी: आधी आर्ट डिपार्टमेंट जग चितारतं, मग त्यानुसार सेट उभे राहतात, उरलेली जागा हिरव्या पडद्याने झाकतात आणि शेवटी तो हिरवा पडदा भरायला शेकडो लोक बसतात. एडवर्ड्सने हा क्रम उलटा केला. छोटं युनिट घेऊन थायलंड, नेपाळ, इंडोनेशियासारख्या देशांत खरी गावं, खरी शेतं, खरे मठ शूट केले. सिनेमा एडिट केला. त्यानंतर एडिटमधल्या फ्रेम घेऊन प्रॉडक्शन डिझायनर जेम्स क्लाइनने त्यांच्यावरच इमारती, वाहनं, यंत्रं रंगवली आणि आयएलएम या व्हीएफएक्स कंपनीने ती उभी केली. एडिटमध्ये वगळला जाणारा एकही शॉट डिझाइन करावा लागला नाही. पैसे वाचले ते इथे. काही भाग लंडनजवळ पाइनवूड स्टुडिओत, पार्श्वभूमी दाखवणाऱ्या एलईडी भिंतीसमोर केलाय, पण सिनेमाचा जीव बाहेरच्या शूटमध्येच आहे.

कॅमेरा सोनीचा एफएक्स-3. हाच कॅमेरा आज अंधेरीत कुठल्याही भाड्याच्या दुकानात मिळतो आणि लग्नाच्या शूटलाही जातो. याची खरी ताकद दुहेरी बेस आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपण्याच्या संवेदनशीलतेच्या दोन मूळ पातळ्या: एक 800, दुसरा 12,800. दुसऱ्या बेसवर रात्री मोठमोठे लाइट आणि जनरेटर व्हॅन नसतानाही स्वच्छ चित्र मिळतं. लाइटमन बूमच्या (माइक धरायच्या लांब) काठीला एलईडी ट्यूब बांधून कलाकाराबरोबर चालत होता. त्यामुळे कलाकार वळला की प्रकाशही वळायचा, नवीन सेटअपसाठी तासभर थांबावं लागायचं नाही. लेन्स बहुतेक वेळा कोवाची जुनी 75 मिमी अॅनामॉर्फिक (रुंद दृश्य आडवं दाबून टिपणारी), आणि फ्रेम 2.76:1 एवढी रुंद. घरच्या 16:9 टीव्हीवर या फ्रेमला उंचीचा जेमतेम 64 टक्के भाग मिळतो, बाकी पडदा काळा. लांबचे शॉट तिथे पार मरतात, म्हणून मोबाइलवर तर बघूच नका.

आता व्हीएफएक्स. सिनेमातल्या मानवसदृश यंत्रांच्या, म्हणजे सिम्युलंट्सच्या, कानांमागे डोक्यात आरपार भोक आहे. कल्पना साधी, काम महाभयंकर. भोकातून मागचं दृश्य दिसायला हवं, पण शूट करताना तिथे कलाकाराची खरी मान होती. म्हणजे मानेमागे काय होतं ते आधी तयार करा. कॅमेरा हातात आणि सतत हलणारा, त्यामुळे एक क्लीन प्लेट, म्हणजे कलाकाराशिवायचा रिकामा शॉट, घेऊन भागत नाही. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे 120 फ्रेम. त्यात डोक्याचं ट्रॅकिंग (हालचालीचा माग), केसांचा आणि कानाच्या कडेचा रोटो (फ्रेमगणिक कडा कोरून वेगळं करणं), मागची पार्श्वभूमी, मग फिरणारे भाग, त्यांच्यावर त्या जागेचाच प्रकाश आणि शेवटी त्वचेशी जोड. ट्रॅकिंगला मदत करणाऱ्या खुणा, म्हणजे मार्कर, जवळजवळ नाहीतच. त्यात अॅनामॉर्फिक लेन्सचं विरूपण फोकस बदलला की बदलतं. ते मोजायला चौकटीचा तक्ता वेगवेगळ्या अंतरांवर शूट करून ठेवला नसेल तर मॅचमूव्हवाला (कॅमेऱ्याची हालचाल संगणकात जुळवणारा) आठवडा घालवतो आणि तरी भोक मानेवर तरंगतं. इथे ते कुठेही तरंगत नाही. आल्फी, म्हणजे यंत्रं दुरून बंद करू शकणारी सिम्युलंट मुलगी, झालेली मॅडलिन युना व्हॉइल्स लहान मूल आहे, मान सतत वळवते, आणि तिच्या क्लोजअपमध्येही जोड सापडत नाही. गोरेगाव-अंधेरी पट्ट्यात रोटो-पेंटच्या खुर्चीत रात्री काढणाऱ्या मुलामुलींनी या कामाला उभं राहून दाद द्यावी. ऑस्करचं नामांकन रास्तच होतं.

पण हीच पद्धत सिनेमाच्या मुळावर आली. पार्श्वभूमीतल्या अनेकांच्या बाबतीत कोण माणूस आणि कोण यंत्र हे शूटिंगच्या वेळी ठरलेलंच नव्हतं. ते एडिटनंतर ठरलं. लोक नेहमीसारखे वागले, आणि नंतर त्यांतल्या काहींची डोकी यंत्राची झाली. त्यामुळे खरेपणा आला, हे खरं. पण परिणाम असा की या जगातली यंत्रं हुबेहूब माणसांसारखीच वागतात. शेतात राबतात, भगव्या वस्त्रांत प्रार्थना करतात, रडतात. यंत्र असल्यामुळे त्यांचं काय वेगळं होतं? ती थकतात का? झीज झाली की सुटे भाग कोण देतं? दोघांची स्मृती एक होऊ शकते का? मठातला यंत्रमानव नेमकं काय मागतो? सिनेमा यातलं काहीच सांगू शकत नाही, कारण कॅमेऱ्यासमोर तेव्हा यंत्र नव्हतंच. विज्ञान नंतर वरून चिकटवलं, म्हणून ते कुणाच्याही जगण्यात शिरलं नाही. यंत्रांच्या जागी कुठलाही छळ सोसणारा मानवी समाज ठेवा, पटकथेची एक ओळही बदलावी लागणार नाही. विज्ञानकथेचा याहून मोठा पराभव मला माहीत नाही.

खंत याची की कल्पना होत्या. सिम्युलंट्सचे चेहरे माणसांनी दान केलेले आहेत, 'तुमचं रूप दान करा' असं आवाहन पडद्यावर झळकतं. हा सिनेमा आला तेव्हा हॉलिवूडचे कलाकार 14 जुलैपासून संपावर होते आणि त्यांच्या मागण्यांत डिजिटल प्रतिकृतीचा मुद्दा अग्रभागी होता. प्रदर्शनाच्या नऊच दिवस आधी, 20 सप्टेंबरला, दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूरच्या नाव, चेहरा आणि आवाजाच्या परस्पर वापराला मनाई केली होती. काळाच्या नेमक्या नसेवर बोट ठेवणारी कल्पना हातात असताना तिची फक्त पाटी केली! आपल्या मेलेल्या बहिणीचा चेहरा समोरच्या शत्रूच्या धडावर दिसला तर सैनिक काय करेल? या एका प्रसंगावर अख्खा सिनेमा उभा राहिला असता.

तसंच लॉस एंजेलिसच्या अणुस्फोटाचं. सगळं युद्ध त्याच्यापायी पेटलेलं आहे आणि तो यंत्रांनी केलाच नव्हता, माणसाच्या चुकीने झाला, हे एक पात्र एका वाक्यात सांगतं. पुढे त्याचं काहीच होत नाही. मेलेल्याच्या मेंदूतून त्याला काही क्षण जागं करता येतं, एवढं प्रचंड तंत्र या जगात आहे, पण त्याचा उपयोग पटकथेला अडलेली माहिती मिळवायला आणि शेवटी अश्रू काढायला. कृत्रिम बुद्धिमत्तेवर बंदी घातलेलं अमेरिकन सैन्य स्वतः मात्र चालते-बोलते बॉम्ब पाठवतं, जे स्फोटाआधी अदबीने निरोप घेतात. या विसंगतीची टोचणी कुठल्याच पात्राला लागत नाही.

शेवटचा अर्धा तास तर नुसता धावाधाव आहे. नोमॅड हे अमेरिकेचं आकाशात तरंगणारं महाकाय शस्त्र, निळ्या प्रकाशाने जमीन चाचपत येतं, आणि तो निळा पट्टा या सिनेमातलं सर्वांत भीतिदायक चित्र आहे. पण चंद्राकडे निघालेलं प्रवासी यान पळवून नायक आणि आल्फी हे दोघंच तिथे पोचतात. ज्या यंत्रावर साऱ्या युद्धाची मदार आहे, त्याची सुरक्षा इतकी तकलादू? आल्फी नेमकं काय बंद करू शकते, किती अंतरावरून, याची मर्यादा आधी ठरवलेली नसल्याने प्रसंगाला हवं तेव्हा तिची शक्ती चालते. मर्यादा माहीत नसेल तर प्रेक्षकाचा श्वास अडकत नाही.

मराठी वाचकाला हे जास्त खुपतं, कारण आपली सवय वेगळी आहे. जयंत नारळीकरांनी मुंबईच्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या टोपणनावाने कथा पाठवली होती आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. नाव झाकूनही ती टिकली ती कल्पनेच्या बळावर. विज्ञानातली एक गोष्ट बदलायची आणि तिचे परिणाम माणसाच्या घरापर्यंत नेऊन सोडायचे, ही शिस्त आपण शाळेच्या वयापासून वाचत आलोय.

"स्वस्तात केलं की काहीतरी सुटणारच" असं म्हणणाऱ्यांसाठी त्याच वर्षीचा जपानी 'गॉडझिला मायनस वन' आहे. बजेट दीड कोटी डॉलरपेक्षा कमी, 610 व्हीएफएक्स शॉट, 35 जणांचा चमू. मार्च 2024 मध्ये व्हीएफएक्सचं ऑस्कर 'द क्रिएटर'ला हरवून त्यानेच नेलं. ताकाशी यामाझाकी स्वतः लेखक, दिग्दर्शक आणि व्हीएफएक्स सुपरवायझर. राक्षस कधी दिसणार आणि दिसल्यावर कुणाचं काय जाणार, हे लिहिणाराच शॉट ठरवत होता.

म्हणून एफएक्स-3 भाड्याने घेऊन विज्ञानपट करायला निघालेल्यांना माझं सांगणं: एडवर्ड्सची शूटिंगची रीत जरूर उचला. 12,800 वर शूट करा, काठीवरची ट्यूब वापरा, प्रत्येक लेन्सचा तक्ता शूट करून ठेवा, शॉट संपल्यावर कलाकार बाहेर काढून दहा सेकंदांची रिकामी प्लेट घ्या. फक्त कॉल शीट (शूटच्या दिवसाचं वेळापत्रक) काढण्याआधी एक पान लिहा: तुमचं यंत्र काय करू शकत नाही, त्याला कशाची गरज पडते, ते माणसापेक्षा कुठे वेगळं वागतं. मग दोनशे ज्युनिअर आर्टिस्टपैकी वीस जण सकाळीच निवडा आणि एडीला (सहायक दिग्दर्शकाला) सांगा, या वीसांनी दिवसभर घाम पुसायचा नाही, डास हाकलायचा नाही, हाक ऐकू आली की मान आधी वळवायची आणि खांदे नंतर. याला एक रुपयाही जास्त लागत नाही. पोस्टमध्ये ज्यांच्या मानेत भोक पाडायचं ते हेच वीस जण.