शेजारीण म्हणते, मनावर घेऊ नकोस

आज दुपारी डेट्रॉईटहून माझ्या जुन्या सहकारी मैत्रिणीचा फोन आला. मी राहते कॅनडातल्या विंडसरला; नदीपलीकडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या एका रुग्णालयात आम्ही दोघींनी अनेक वर्षे एकाच वॉर्डात काम केले आणि दोघीही आता निवृत्त आहोत. मुलाबाळांची चौकशी झाली, गुडघेदुखी बोलून झाली, आणि मग तिने सहज विचारले की तुम्ही मंडळी हल्ली या बाजूला फिरकत का नाही, अजून ट्रम्प यांच्या त्या कॅनडाला अमेरिकेचे एक्कावन्नावे राज्य करण्याच्या बोलण्याचा राग धरून बसला आहात का. माझे उत्तर येण्याआधी तीच मोठ्या मायेने म्हणाली, "अगं, मनावर घेऊ नकोस. आणि समजा झालातच आमच्यात सामील, तर त्यात वाईट काय आहे? तुमचा फायदाच होईल."

मी विषय बदलला. पण दिवसभर ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे. माझ्या यादीतले निम्मे मित्र भारतात आहेत, निम्मे अमेरिकेत, आणि या दोन्हीकडच्या लोकांना कॅनडातले आम्ही नेमके कशाने दुखावलो आहोत हे कळलेले नाही, असे मला वारंवार जाणवते.

ज्यांनी विंडसर पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या गावापाशी डेट्रॉईट नदीचे पात्र एक किलोमीटरही रुंद नाही. नकाशात विंडसर डेट्रॉईटच्या दक्षिणेला येते, त्यामुळे आम्ही कॅनडातून उत्तरेकडे पाहतो तेव्हा समोर अमेरिका दिसते. 1929 चा पूल आणि 1930 चा बोगदा या दोन वाटांनी इथले संसार उभे राहिले. परिचारिका रोज पलीकडे जाऊन पगार मिळवतात, मोटारींचे सुटे भाग एक गाडी पूर्ण होईपर्यंत कितीतरी वेळा सीमा ओलांडतात, आणि कित्येक घरांत एक भाऊ इकडे व एक तिकडे असतो. शेजार म्हणजे काय हे आम्हांला कोणी शिकवायला नको.

त्या मैत्रिणीबद्दल सांगायलाच हवे, नाहीतर माझ्या बोलण्याचा चुकीचा अर्थ निघेल. 11 सप्टेंबर 2001 रोजी माझी दिवसपाळी होती. न्यूयॉर्कच्या बातम्या वॉर्डातल्या टीव्हीवर पाहत आम्ही रुग्णांना औषधे देत होतो. संध्याकाळपर्यंत सीमेवरची वाहतूक इतकी विस्कळीत झाली होती की घरी कसे आणि कधी पोहोचणार याचा काही अंदाज नव्हता. तिने मला विचारलेसुद्धा नाही. माझी पिशवी उचलली आणि मला आपल्या घरी घेऊन गेली. तिच्या आईने मक्याचा पाव आणि भाज्या वाढल्या, स्वतःचा धुतलेला गाऊन मला दिला, आणि झोपण्यापूर्वी माझा हात हातात घेऊन नदीपलीकडे असलेल्या माझ्या नवऱ्यासाठी आणि लहान मुलीसाठी प्रार्थना केली. त्यांचाच देश पेटलेला होता आणि त्या माझ्या घराची काळजी करत होत्या. अमेरिकन माणसाच्या चांगुलपणावर मला कोणी व्याख्यान देऊ नये, मी त्या घरात झोपलेली आहे.

परंतु त्याच रात्री, जेवताना, त्याच मैत्रिणीने मला विचारले होते की कॅनडाचा राष्ट्राध्यक्ष अशा वेळी काय करतो. आमच्याकडे राष्ट्राध्यक्ष नसून पंतप्रधान असतो, हे तिला ठाऊक नव्हते. तिचा जन्म डेट्रॉईटचा, रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावरून तिला रोज कॅनडा दिसायचा, आणि आमच्या देशाविषयी तिला एवढेच माहीत होते की इकडे दारू पिण्यासाठी वयाची अट एकोणीस आहे, तिकडे एकवीस, म्हणून तरुणपणी ती मैत्रिणींबरोबर इकडे येत असे. तेव्हा मला त्याचे काही वाटले नव्हते. आज वाटते.

त्याच दिवशी अमेरिकेचे आकाश बंद झाल्यावर न्यूफाउंडलंडमधल्या गँडर या जेमतेम दहा हजार वस्तीच्या गावात 38 विमाने उतरली आणि साडेसहा हजारांहून अधिक प्रवासी आणि विमान कर्मचाऱ्यांना गावकऱ्यांनी शाळांत, सभागृहांत आणि स्वतःच्या घरांत ठेवून घेतले. तीन दिवसांनी ओटावात संसदेसमोर सुमारे एक लाख माणसे शोकसभेला उभी राहिली. त्यानंतर 20 सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी अमेरिकन काँग्रेसपुढे जे भाषण केले त्यात ब्रिटनचे नाव आले, दक्षिण कोरियाचे आले, इजिप्तचे आले, ऑस्ट्रेलियाचेही आले. कॅनडाचे आले नाही. वैर म्हणून त्यांनी ते नाव गाळले असे मी मुळीच म्हणत नाही. नाव सुचलेच नाही, आणि आमच्या दुखण्याचे मूळ तिथेच आहे.

कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान पिएर ट्रुडो यांनी 1969 मध्ये वॉशिंग्टनमध्ये सांगितले होते की अमेरिकेशेजारी राहणे म्हणजे हत्तीशेजारी झोपणे. तो कितीही शांत असला तरी त्याची प्रत्येक हालचाल आपल्याला जाणवते. हे वाक्य इथे उठता बसता ऐकवले जाते आणि मला ते कधीच पुरेसे वाटलेले नाही. हत्तीने आपली ओळख ठेवावी अशी कोणी अपेक्षा करत नाही. जिच्या आईने माझ्या मुलीसाठी प्रार्थना केली तिने मात्र माझा देश हा देश आहे एवढे ओळखावे, ही अपेक्षा मी नक्की करते.

आम्ही त्यांना किती ओळखतो ते पाहा. त्यांची सिनेट कशी चालते, त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात कोणत्या बाजूचे किती न्यायाधीश आहेत, कोणत्या राज्यात निवडणूक अटीतटीची आहे, हे इथल्या चहाच्या दुकानात बसलेला निवृत्त कामगारही सांगतो. आमची लोकसंख्या चार कोटी, त्यांची चौतीस. 2024 मध्ये आमच्या निर्यातीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग त्यांच्याकडे गेला. आम्हांला त्यांची माहिती ठेवणे भागच आहे. त्यांचे मात्र आमच्यावाचून काही अडत नाही असा त्यांचा समज आहे.

भारतातल्या मित्रांनीही हे वाचताना गालात हसू नये. माझे माहेर मिरजेचे. तिथल्या मिशन हॉस्पिटलमुळे आमच्या पिढीतल्या कितीतरी मुली परिचारिका झाल्या, आणि ते उभारणारे डॉक्टर विल्यम वॉनलेस हे अमेरिकन, असेच सारे गाव म्हणत असे. मिशन अमेरिकेचे होते हे खरे आहे, परंतु वॉनलेस यांचा जन्म 1865 मध्ये ओंटारिओत झाला होता. मिरजेचे ते हॉस्पिटल ज्यांच्या नावाने ओळखले जाते तो माणूस माझ्याच आजच्या प्रांतातला होता, हे मला विंडसरमध्ये येऊन कळले. आजही मिरजेला गेले की ओळखीचे लोक मला "अमेरिकेहून कधी आलीस?" असेच विचारतात.

कॅनडियन लोक साधुसंत आहेत असे माझे म्हणणे नाही. "आमच्याकडे उपचारांसाठी कोणाचे घर विकले जात नाही, आमच्याकडे शाळेत गोळीबार होत नाहीत" हे शेजाऱ्याला खाली दाखवण्याच्या सुरात सांगण्याची इथे सवय आहे, आणि ती मला परिचारिका म्हणून फार खटकते, कारण याच विंडसरमधून हृदयविकाराचे तातडीचे रुग्ण बोगद्यातून डेट्रॉईटला नेलेले मी पाहिले आहेत. संरक्षणावरचा खर्च आम्ही वर्षानुवर्षे टाळला आणि परदेशी दूधदुभत्यावर भरमसाट शुल्क लावून आपले गवळी सांभाळले, हेही मान्य करते. तेवढ्यावरून देश विलीन करण्याची भाषा करण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही.

आता त्या "मनावर घेऊ नकोस" विषयी. डिसेंबर 2024 मध्ये ट्रम्प यांनी कॅनडाच्या पंतप्रधानांना, जणू ते अमेरिकेच्या एका राज्याचे प्रमुख असावेत तसे, "गव्हर्नर" म्हणणे सुरू केले, 2025 च्या मार्चमध्ये आमच्या मालावर 25 टक्के आयातशुल्क लागू झाले, पोलादावरचे शुल्क जूनमध्ये 50 टक्क्यांवर गेले. एप्रिलमध्ये मोटारींवर शुल्क लागले आणि आमच्या गावातला मोटारींचा मोठा कारखाना दोन आठवडे बंद राहिला. आमच्या गल्लीत त्या कारखान्याच्या पगारावर चालणारी घरे आहेत. त्या दोन आठवड्यांत संध्याकाळी फिरायला निघाले की दारात उभी असलेली धडधाकट माणसे दिसत, ज्यांना पुढच्या महिन्याचे काही ठाऊक नव्हते. त्यांना जाऊन कोणी सांगावे की मनावर घेऊ नका?

व्हरमाँट आणि क्वेबेक यांच्या सीमेवर 1904 साली मुद्दाम दोन देशांत मिळून बांधलेले हॅस्केल ग्रंथालय आहे. आत जमिनीवर सीमेची रेघ आखलेली आहे आणि वाचक ती ओलांडून पुस्तक घेतात. दरवाजा अमेरिकेच्या बाजूला असल्याने क्वेबेकचे लोक फुटपाथवरून चार पावले चालून आत जात, पासपोर्टवर शिक्का न घेता. 2025 मध्ये ती वाटसुद्धा अमेरिकन सरकारने बंद केली. पुस्तके वाचायला येणाऱ्या म्हाताऱ्यांपासून कोणत्या महासत्तेला धोका होता?

इथे माझा आवाज चढतो हे मला कळते, आणि चढू दे.

"सामील व्हा, फायदा होईल" हे वाक्यसुद्धा नवीन नाही. विंडसरमध्ये फ्रान्स्वा बेबी यांचे जुने विटांचे घर आहे, आता तिथे संग्रहालय आहे. जुलै 1812 मध्ये अमेरिकन जनरल विल्यम हल नदी ओलांडून आला, त्या घरात मुक्काम ठोकला आणि त्याने इथल्या रहिवाशांसाठी जाहीरनामा काढला की मी तुम्हांला जुलमातून सोडवायला आलो आहे. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी लिहिले की क्वेबेकच्या आसपासपर्यंतचा कॅनडा घेणे हे निव्वळ चालत जाण्याचे काम आहे. 16 ऑगस्टला हलने ब्रिटिश जनरल ब्रॉक आणि त्यांच्या बाजूने लढणारे मूलनिवासी नेते टेकुमसे यांच्यापुढे डेट्रॉईटच सोडून दिले. इथल्या शाळेतली मुले हे शिकतात. माझ्या मैत्रिणीला मी हे एकदा सांगितले तेव्हा ती थक्क झाली, कारण त्या युद्धातले तिला फक्त आपले राष्ट्रगीत माहीत होते. ज्या घरावर एकदा कोणी चालून आले आहे, त्या घरातल्या लोकांना अशा थट्टेचे हसू येत नाही.

मात्र अमेरिकन लोक कृतज्ञता दाखवूच शकत नाहीत असे मी म्हटले तर खोटे ठरेल. 1980 मध्ये कॅनडाचे राजदूत केन टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेहरानमध्ये सहा अमेरिकन मुत्सद्द्यांना लपवून सुखरूप बाहेर काढले तेव्हा अमेरिकेने त्यांना डोक्यावर घेतले, काँग्रेसचे सुवर्णपदक दिले. आणि डिसेंबर 1917 मध्ये हॅलिफॅक्स बंदरात स्फोट होऊन शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला तेव्हा बॉस्टनहून त्याच रात्री डॉक्टर आणि परिचारिका घेऊन आगगाडी निघाली होती. नोव्हा स्कोशियातून आजही दरवर्षी बॉस्टनला नाताळचे झाड आभार म्हणून जाते. त्या गाडीतल्या परिचारिका माझ्या मैत्रिणीसारख्याच असणार, न विचारता पिशवी उचलणाऱ्या. हे लिहिताना माझा राग ओसरतो आहे, हेही सांगते.

कदाचित म्हणूनच फेब्रुवारी 2025 मध्ये माँट्रिअलला हॉकीच्या सामन्यात प्रेक्षकांनी अमेरिकन राष्ट्रगीताची हुर्यो उडवली ते मला आवडले नाही. ज्या वेदनेतून ती उडाली ती मला समजली; तरी दुसऱ्याच्या राष्ट्रगीताला उभे राहावे, असेच मी मुलीला शिकवले आहे. त्यापेक्षा "कोपर वर" ही कॅनडियनांची न झुकण्याची घोषणा मला भावते. ती गॉर्डी हाऊ या खेळाडूच्या कोपर उगारून खेळण्यावरून आली. हा माणूस सस्कॅचेवानमध्ये जन्मला आणि पंचवीस हंगाम डेट्रॉईटच्या संघाकडून खेळला. दोन्ही काठांना तो आपला वाटतो. आमच्या नदीवर कॅनडाने आपल्या पैशाने जो नवा पूल बांधला त्याला त्याचेच नाव आहे. अपमान झाल्यावरही पुलाचे नाव बदला असे इथे कोणी म्हटले नाही.

त्यामुळे अमेरिकन वस्तू टाळणे, तिकडच्या सहली रद्द करणे, ओंटारिओच्या सरकारी मद्यदुकानांतून मार्च 2025 मध्ये अमेरिकन बाटल्या उतरवणे, याला कोणी रुसवा म्हणू नये. चौतीस कोटींना हाक ऐकू जावी म्हणून चार कोटींकडे दुसरे साधन नव्हते. याने मिशिगनमधल्या छोट्या दुकानदारांचे नुकसान झाले, ज्यांनी आमचे काहीच बिघडवले नव्हते. त्याचे मला वाईट वाटते, तरी माझे मत बदलत नाही.

मैत्रिणीला मी पुढच्या फोनला सगळे सांगणार आहे, तिच्या आईच्या प्रार्थनेसकट. तिला ते समजेल अशी माझी खात्री आहे. मला अधिक काळजी माझ्याच मराठी माणसांची वाटते. मिशिगनमधल्या ज्या मित्रांनी एक्कावन्न ताऱ्यांच्या झेंड्याची चित्रे हसतहसत आमच्या गटावर टाकली, त्यांनी एका शेजाऱ्याच्या देशाची ही चेष्टा आहे हे ओळखायला हवे होते, कारण परक्या झेंड्याखाली राहणे म्हणजे काय हे आपल्या आजीआजोबांनी पाहिले होते. तुमच्यातले अनेक जण आता तिकडचे मतदार आहेत. आपल्या लोकप्रतिनिधीला चार ओळींचे पत्र लिहा, की कॅनडा हा वेगळा देश आहे आणि त्याच्याशी असे बोललेले मला चालत नाही. एवढेच मागते आहे.

आणि यंदाच्या गणपतीला मी डेट्रॉईटला येणार नाही. आरतीला, मोदकांना आणि मुक्कामाला तुम्ही सगळे सहकुटुंब विंडसरला या. वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, आणि या विषयावर माझ्याशी भांडायचे असेल तर तेही जेवणानंतर खुशाल भांडा.