वृद्धाश्रम काढताय? चादरीपासून सुरुवात करा

घोडबंदर रोडला किंवा खारघरला थ्री बीएचके भाड्याने मिळाला की निम्मं काम झालं. हॉलमध्ये ६ आणि प्रत्येक बेडरूममध्ये ४ पलंग आरामात बसतात. मधून व्हीलचेअर जात नाही हे खरं. पण ती दाराशीच शोभते. खिडकीतून येऊरचा डोंगर दिसत असेल तर जाहिरातीत 'निसर्गाच्या कुशीत' लिहा.

एक गोष्ट पक्की समजून घ्या: तुमचं गिऱ्हाईक पलंगावर झोपलेलं नाही. ते रविवारी ४ ते ६ या वेळात येतं, चादर बघतं आणि चेक देऊन जातं. म्हणून चादरी रविवारी ३ वाजता बदलायच्या.

खिळलेल्या माणसाची कूस दर २ तासांनी बदलावी म्हणतात. असे ५ जण असले तर दिवसाला ६० वेळा. मावशी एकच, तीही ब्युरोकडून आलेली! त्यापेक्षा एअर मॅट्रेस आणा. पंप बंद असला तरी चालेल, नातेवाइकांना गादी दिसते, हवा थोडीच दिसते? माकडहाडावर किंवा टाचेवर लाल चट्टा उठेल. बोटाने दाबल्यावर तो फिका पडला नाही, तर जखमेची सुरुवात झालेली असते. तेव्हा दाबून बघूच नका. वरून पावडर मारा.

नाकातून नळी घातलेल्यांना भरवणं फार वेळखाऊ. आधी नळी जागेवर आहे का बघा, उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश उचला, हळूहळू सोडा, मग पाण्याने नळी धुवा, वर अर्धा-पाऊण तास तसंच बसवून ठेवा. आडवं ठेवून सिरिंजचा दट्ट्या दाबला की ३ मिनिटांत जेवण उरकतं. पुढे ताप आला, छाती घरघरली, तर ते अन्न फुप्फुसात गेल्यामुळे असू शकतं. तुम्ही मात्र 'हवा बदललीय ना' म्हणा. पावसाळ्यात हे कुणालाही पटतं.

सकाळच्या गोळ्या खलबत्त्यात एकत्र कुटा. नावापुढे 'एसआर' असलेली गोळी तासन्‌तास हळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. कुटली की सगळं औषध एकदम उतरतं. असेना, गिळायला सोपी झाली! इन्सुलिन ७ वाजता टोचा, पोहे साडेनऊला. मधल्या वेळात आजी घामाघूम होऊन काहीबाही बोलू लागल्या, तर 'आज मूड नाही त्यांचा'. ग्लुकोमीटर कपाटात आहे हो, पट्ट्याच संपल्यात. साखर ७० च्या खाली निघाली असती तर शुद्धीत असेपर्यंत ३ चमचे साखर पाण्यातून द्यावी लागली असती. साखर काय फुकट येते?

रात्रीची शांतता झोपेच्या गोळीने मिळते. आजोबा गुंगीत २ वाजता लघवीला उठणारच, म्हणून पलंगाला कठडे लावा. मग ते कठडा ओलांडून पडतील, म्हणजे आणखी उंचावरून. बाथरूममध्ये धरायला दांडी कशाला? टॉवेलचा रॉड आहे की, दोन स्क्रूंवरचा! डोक्याला लागलं आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असली, तरी सकाळपर्यंत थांबा. कवटीच्या आतला रक्तस्राव कित्येकदा काही तासांनी कळतो, तोपर्यंत मावशीची पाळी बदललेली असते.

कुणी बाहेर भटकू नये म्हणून दाराला बाहेरून कुलूप लावा, चावी मावशीच्या कमरेला, मावशी गच्चीवर. समई ऑक्सिजनच्या मशीनशेजारी ठेवा, दोन्ही एकाच कोपऱ्यात मावतात. अग्निशामकाचा काटा हिरव्यातून लाल पट्ट्यात आला असेल तर सिलिंडर भिंतीकडे तोंड करून टांगा.

रजिस्टर महिनाअखेरीस एका बैठकीत भरावं. सगळ्यांना १२०/८० लिहू नका, संशय येतो. पेनही दोन-तीन वापरा.

एवढं करूनही एखादी लेक भलत्या वेळी येते. चादर न बघता ती थेट टाचा उचलून पाहते, गेल्या महिन्याचं वजन विचारते, रात्री ड्युटीवर किती जण असतात ते विचारते. तिला नम्रपणे सांगा, सध्या जागा शिल्लक नाही.