पुरातत्त्व शिकायला विलायतेत यायचं, तर नेमकं कशासाठी?

पुरातत्त्वात एम.ए. पुण्यात करावं की ब्रिटनमध्ये, हा वाद मराठी विद्यार्थ्यांत अधूनमधून पेटतो. एक बाजू म्हणते, आपल्याकडे नुसतं पुस्तकी. दुसरी म्हणते, ज्या मातीत काम करायचं ती माती आपल्याकडचीच. ब्रिटनमधून पाहताना वाटतं, मुद्दा दोघांच्याही हातून निसटतोय. इथल्या तरुणांना काम मिळतं ते पदवीपेक्षा बांधकाम-परवानगीच्या नियमांमुळे. १९९०मध्ये इंग्लंडच्या नियोजन धोरणाने अवशेषांच्या नोंदीचा खर्च प्रकल्पवाल्यावर टाकला, आणि खणणाऱ्या खासगी संस्था उभ्या राहिल्या. भारतात १९५८चा कायदा आहे, पण तो प्रामुख्याने जाहीर झालेल्या स्मारकांना आणि स्थळांना जपतो. गावाबाहेरच्या पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती खत म्हणून शेतात नेली जाते, तिथे तो पोचत नाही.

इथली एम.ए. एका वर्षाची. त्यातले शेवटचे तीन-चार महिने प्रबंधात जातात, खणण्याचे दिवस मोजकेच. खरी शिकवणी नोकरीत होते आणि ती मुख्यतः नोंदीची असते. प्रत्येक खड्डा, त्यातला भराव, भिंत, चूल यांना वेगळा क्रमांक आणि वेगळा तक्ता: रंग, पोत, घट्टपणा, आत काय सापडलं, कशाच्या वर, कशाच्या खाली. वरून दिसणारा आराखडा १:२० प्रमाणात, छेद म्हणजे खणलेल्या उभ्या बाजूचं चित्र १:१० प्रमाणात. आपल्याकडे ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरने १९४४मध्ये तक्षशिलेच्या शिबिरात रुजवलेली, मध्ये मातीच्या भिंती राखून चौकोन खणण्याची पद्धत अजून चालते. त्या न खणलेल्या भिंतींवर थर पुन्हा तपासता येतात, हा तिचा मोठा गुण. पण जुन्या काळचा एखादा खड्डा नेमका अशा भिंतीखाली गेला की अर्धाच दिसतो, आणि तो वेळीच ओळखला नाही तर त्यातली खापरं जुन्या थराच्या पिशवीत जातात. पुढची सगळी कालगणना मग त्या पिशवीवर उभी.

माती धुऊन बिया काढणं हे मात्र इथे शिकण्यासारखं. एका भरावाची साधारण ४० लिटर माती घ्यायची, पाण्यात सोडायची. वर तरंगलेलं २५० किंवा ३०० मायक्रॉनच्या जाळीत, तळाचं त्याहून जाड जाळीत. लेबलं दोन, एक पिशवीत आणि एक बाहेर, कारण ओल्या पिशवीवरची शाई टिकत नाही. जळालेले दाणे सावलीत हळूहळू वाळवायचे, उन्हात ते तडकतात. कार्बन काळमापनाला तुळईचा कोळसा देऊ नये: झाड मुळात शंभर वर्षांचं असेल तर तारीखही तेवढी मागे जाऊ शकते. एका हंगामात उगवलेला गव्हाचा वा जवाचा दाणा बरा.

पण हीच पद्धत जशीच्या तशी दख्खनला नेली की फसते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वरचे दाणे भेगांतून खाली उतरतात, आणि ताम्रपाषाणयुगीन थरात कालचं बी सापडतं. भेग कुठवर गेली हे छेदात आधी पाहून, तिच्यापासून दूर नमुना घ्यायला हवा. शिवाय ती चिकट ढेकळं पाण्यात लगेच सुटत नाहीत. खाण्याच्या सोड्यात आधी भिजवावी लागतात, आणि जास्त वेळ भिजली तर नाजूक कोळसाच फुटतो. हे इथल्या वर्गात कोण सांगणार? आणि जोर्वे खापर, म्हणजे दख्खनच्या ताम्रपाषाणयुगातलं रंगवलेलं भांडं, हातात घेऊन ओळखण्याची नजर पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संग्रहासमोर बसूनच येते. १९६८ ते १९८३ दरम्यान खणलेल्या इनामगाव या पुणे जिल्ह्यातल्या ताम्रपाषाणयुगीन गावाचा अहवाल १९८८मध्ये आला. त्यात हाडं, धान्य, दफनं सगळ्यांचा वेध आहे. आपल्याकडे हे होतच नाही, असं म्हणणाऱ्यांनी तो आधी उघडावा.

म्हणून सरसकट एम.ए.साठी इथे येण्यावर पैसे घालू नयेत, असं माझं मत. आधी खापरं आणि दोन हंगाम उत्खनन भारतात, मग बिया, हाडं किंवा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे मातीचे पातळ काप यांपैकी एकच शाखा इथे. अर्ज करण्यापूर्वी विभागाला सरळ विचारावं: तुलनेसाठीच्या संग्रहात भारतीय कडधान्यं आहेत का, हुलगा आहे का, वाल आहे का? नसतील, तर जळक्या हुलग्यासमोर तिथला सूक्ष्मदर्शकही फारसा उपयोगाचा नाही.